सॉफ्टवेअर घडविणारे आणि विकणारे : फाट्यावरची गरज पुण्यापर्यंत पोहोचते का?

वारंगा फाटा (जि. हिंगोली), विशेष प्रतिनिधी

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांत काय बनवायचे हे ठरविणारा एक आणि बनलेले बाजारात नेऊन विकणारा दुसरा, अशी कामाची वाटणी आता सर्वत्र रूढ झाली आहे. पहिल्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात, दुसऱ्याला सेल्सचा माणूस. या दोघांतील मेळ किंवा बेबनाव हा वरकरणी कंपनीचा घरगुती प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याची किंमत कंपनीच्या कार्यालयापासून शेकडो किलोमीटर दूर बसलेला ग्राहक मोजत असतो. म्हणूनच हा प्रश्न हिंजवडीच्या काचेच्या इमारतीतून पाहण्यापेक्षा वारंगा फाट्यासारख्या ठिकाणाहून पाहिला, तर अधिक स्पष्ट दिसतो.

अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आणि तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धामार्गे बुटीबोरीला जाणारा क्रमांक ३६१ हे दोन मार्ग कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाट्यावर एकमेकांना भेटतात. भोवतालचा मुलूख सोयाबीन, हळद आणि केळीचा. जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड हळदीच्या व्यापारासाठी मराठवाड्याबाहेरही ओळखले जाते. अशा भागातील खते-बियाण्यांचा दुकानदार, आडत्या, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा विक्रेता यांच्या टेबलावर आता वहीच्या शेजारी संगणक आला आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने, म्हणजे जीएसटीने, तो आणणे बहुतेकांना भागच पाडले. हा ग्राहक सॉफ्टवेअर कंपन्यांना हवा आहे. मात्र त्याला नेमके काय हवे आहे, हे कंपनीच्या आत कोणी कोणाला सांगायचे, हा कळीचा मुद्दा आहे.

जुनी कल्पना, नवा हुद्दा

प्रॉडक्ट मॅनेजर हा हुद्दा संगणकयुगातला वाटत असला, तरी त्याचे मूळ साबणाच्या धंद्यात आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत काम करणाऱ्या नील मॅकएलरॉय या तरुणाने १३ मे १९३१ रोजी वरिष्ठांना तीन पानांचे एक टिपण सादर केले. प्रत्येक ब्रँडची संपूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असावी, अशी त्याची मागणी होती. या माणसाने कचेरीत बसून आकडे पाहू नयेत, विक्री कमी असलेल्या भागात स्वतः जाऊन दुकानदार आणि ग्राहक यांना भेटावे, अडचण कोठे आहे ते शोधावे आणि त्या भागातील विक्री अधिकाऱ्याच्या हाती उपयोगी योजना द्यावी, असे त्यात अपेक्षित होते. हाच मॅकएलरॉय पुढे १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.

तात्पर्य असे, की आज ज्यांना दोन वेगळ्या खात्यांतील प्रतिस्पर्धी मानले जाते, त्यांच्यातील एकाचा जन्मच दुसऱ्याच्या मैदानात झाला. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू ठरली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आयबीएमने जून १९६९ मध्ये यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या किमती वेगळ्या करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा या बाजाराला खरे स्वरूप आले. भारतातील, विशेषतः पुण्या-मुंबईतील उद्योग मात्र दीर्घकाळ सेवेवर उभा राहिला. परदेशी ग्राहक सांगेल ते तयार करून द्यायचे, असा तो व्यवहार होता. तेथे काय बनवायचे हा प्रश्न ग्राहकच सोडवत असे. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्या वाढल्या, तसा हा प्रश्न कंपनीच्या आत आला आणि त्याबरोबर वादही आले.

हंगामाची उधारी, तीस दिवसांचा तक्ता

वादाचे स्वरूप समजण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे. हिशेबाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीचा तक्ता असतो. कोणाकडे किती रक्कम ३० दिवसांपासून, कोणाकडे ६० किंवा ९० दिवसांपासून येणे आहे, हे तो दाखवितो. शहरातील घाऊक व्यापाराला हे माप योग्य आहे. कृषी सेवा केंद्राचे गणित निराळे असते. शेतकरी जूनमध्ये खत-बियाणे उधारीवर नेतो आणि सोयाबीन घरात आल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसे देतो. हळदीचा शेतकरी तर त्याहून उशिरा. मे-जूनमध्ये लावलेली हळद साधारण नऊ महिन्यांनी निघते, मग ती शिजवावी, वाळवावी, पॉलिश करावी लागते आणि त्यानंतर बाजारात जाते. जूनच्या उधारीचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये येणे यात कोणतीही बेइमानी नसते. तो पिकाचा क्रम आहे.

अशा दुकानात ९० दिवसांचा तक्ता उघडला, तर गावातील निम्मी खाती थकबाकीदार दिसतात आणि खरोखर बुडीत निघणारे खाते त्या गर्दीत हरवून जाते. दुकानदाराला हवे असते ते 'पीकनिहाय येणे'. म्हणजे सोयाबीनवर किती, हळदीवर किती, गेल्या हंगामाचे राहिलेले किती. आडत्याची गरज आणखी वेगळी. त्याला कांडी आणि गोल अशी प्रतवारी, पोत्यांचे वजन, हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबपट्टी मराठीत छापून हवी असते. ओल्या हळदीवर जीएसटी नाही, वाळविलेल्या हळदीवर ५ टक्के आहे, हा फरकही त्याच्या रोजच्या कामाचा भाग असतो.

हे सर्व पहिल्यांदा कळते ते विक्रीसाठी दारात आलेल्या माणसाला. डेमो दाखविताना दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो. परंतु तो प्रश्न कंपनीत पोहोचेपर्यंत त्याचे रूप बदलते. विक्री का झाली नाही, या रकान्यात बहुधा दोनच कारणे भरली जातात, 'किंमत जास्त' किंवा 'ग्राहकाने वेळ मागितला'. ती भरणे सोपे असते आणि वरिष्ठांचे त्यावर समाधानही होते. प्रॉडक्ट मॅनेजर हा रकाना वाचतो आणि सवलतीची योजना आखतो. तक्ता आहे तसाच राहतो.

दुसरीकडे, प्रॉडक्ट मॅनेजरचा मुख्य आधार असतो वापराची आकडेवारी. कोणते बटण किती जणांनी दाबले, कोणता अहवाल किती वेळा उघडला, हे त्याला दिसते. पण या आकडेवारीत फक्त विकत घेणारे असतात. ज्याने डेमो पाहून नकार दिला, तो त्यात कोठेच नसतो. दुकानातील संगणक आठवडाभर इंटरनेटशिवाय चालला, तर त्या आठवड्याचा वापरही कंपनीला वेळेवर दिसत नाही. न घेणाऱ्याची हकीकत फक्त विक्रेत्याजवळ असते आणि ती विचारण्याची पद्धत नसेल, तर ती त्याच्याजवळच राहते.

'होऊन जाईल' या शब्दाची किंमत

चूक एकाच बाजूची असते, असे मात्र नाही. विक्रेत्याचे घर महिन्याच्या टार्गेटवर चालते. मार्चअखेर जवळ आली, की 'पीकनिहाय येणे दिसेल का?' या प्रश्नाला 'सध्या नाही' असे उत्तर देणे त्याला परवडत नाही. मग 'पुढच्या अपडेटमध्ये होऊन जाईल' असे सांगितले जाते. दुकानदार वर्षाचे पैसे भरतो. प्रॉडक्ट मॅनेजरला या आश्वासनाची वार्ता लागते ती तक्रार आल्यावर. त्याच्या वर्षाच्या आराखड्यात, ज्याला या क्षेत्रात रोडमॅप म्हणतात, त्या कामाचा पत्ताही नसतो. घाईघाईने एखादी जोडणी करून दिली, तर ती दुसऱ्या ग्राहकांना अडथळा ठरते. नाही दिली, तर पुढच्या वर्षी नूतनीकरण होत नाही.

या दोघांच्या कामाची कालमापनेच वेगळी आहेत. विक्रेत्याचा हिशेब महिन्याचा आणि तिमाहीचा, तर घडविणाऱ्याचा वर्षाचा. विक्रेत्याला समोरचा एक ग्राहक दिसतो. प्रॉडक्ट मॅनेजरला हजार ग्राहकांची सरासरी दिसते. एकाला कमिशन सौदा झाल्यावर मिळते, दुसऱ्याचे मूल्यमापन वापर टिकण्यावर होते. एखादा मोठा ग्राहक, समजा एखादा कारखाना किंवा मोठी पतसंस्था, 'आमच्यापुरता एवढा बदल करा' म्हणतो, तेव्हा विक्री विभागाला त्यात मोठी रक्कम दिसते आणि घडविणाऱ्याला पुढील पाच वर्षे सांभाळावा लागणारा बदल दिसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणूनच हा वाद स्वभावाचा मानून सोडून देता येत नाही. तो व्यवस्थेने सोडवावा लागतो.

दुरुस्तीच्या टेबलावरून आलेले उत्पादन

महाराष्ट्रात या दोन भूमिकांचा मेळ कसा बसू शकतो, याचे ठळक उदाहरण पुण्याच्या क्विक हीलचे आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे असलेले कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम केले आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. नव्वदच्या दशकात संगणक दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा अनेकांत बिघाड यंत्राचा नसून व्हायरसचा असल्याचे आढळत होते. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९५ च्या सुमारास डॉसवर चालणारा अँटिव्हायरस बाजारात आला. एक भाऊ बाजार सांभाळी, दुसरा उत्पादन. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरू झालेली ही कंपनी २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

या यशात जिद्दीचा वाटा आहेच. पण व्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले, तर महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ग्राहकाचा बिघडलेला संगणक आणि प्रोग्रॅम लिहिणारा माणूस यांच्यात अंतरच नव्हते. रकाना भरणे, अहवाल पाठविणे, बैठक बोलाविणे यांपैकी कशाचीही गरज नव्हती. गल्लोगल्लीचे हार्डवेअर विक्रेते हेच अशा उत्पादनाचे विक्रेते होते आणि ग्राहकाची तक्रार ऐकणारे पहिले कानही तेच होते. कंपनी मोठी होते, तसे हे अंतर वाढते. एका घरात जे आपोआप घडते, ते हजार माणसांच्या कंपनीत मुद्दाम घडवून आणावे लागते.

मधली साखळी

ग्रामीण भागात आणखी एक पदर आहे. येथे विक्री करणारा माणूस बहुधा कंपनीचा पगारी नोकर नसतो. तो नांदेड किंवा हिंगोलीतील संगणक विक्रेता असतो, कर सल्लागार असतो किंवा कमिशनवर फिरणारा स्थानिक तरुण असतो. बंगळूरूच्या टॅलीने देशभर हातपाय पसरले ते अशाच भागीदारांच्या जाळ्यावर. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या उद्योगाचे सॉफ्टवेअर गावोगाव पोहोचले, कारण शिकविणारा, बसवून देणारा आणि अडले तर धावून येणारा माणूस जवळच्या शहरात होता.

या साखळीची ताकद आहे तशी मर्यादाही आहे. फाट्यावरचा दुकानदार स्थानिक विक्रेत्याला सांगतो, तो नांदेडच्या डीलरला, डीलर छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय अधिकाऱ्याला आणि तो पुण्याला किंवा बंगळूरूला. चार टप्प्यांत 'हळदीवरचे येणे वेगळे दाखवा' याचे 'अहवाल सुधारावेत' असे होते. प्रत्येक टप्प्यावरील माणूस आपल्याला सोयीचे तेवढेच पुढे पाठवितो. शिवाय उत्पादन फसले, तर तोंड दाखवावे लागते ते या शेवटच्या कडीला. प्रॉडक्ट मॅनेजर दुसऱ्या कंपनीत जातो. गावातील तरुणाला मात्र त्याच बाजारात, त्याच दुकानदारांसमोर उभे राहायचे असते.

इंट्युट या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्ये भारतातील क्विकबुक्सची सेवा बंद केली. ही तीच कंपनी, जिने नव्या ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या घरी जाऊन तो सॉफ्टवेअर कसे वापरतो हे पाहण्याची पद्धत जगाला शिकविली. अशा निर्णयामागे व्यावसायिक कारणे असतात. तरीही सेवा बंद होते, तेव्हा ग्राहकाला वर्षांचे हिशेब दुसरीकडे हलवावे लागतात आणि त्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याची वेळ येते ती विकणाऱ्यावरच.

एकोणीस दिवसांची परीक्षा

दोन्ही विभागांचा मेळ आहे की नाही, हे नेहमीच्या दिवसांत कळत नाही. तातडीच्या प्रसंगी कळते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांची फेररचना जाहीर केली आणि २२ सप्टेंबरपासून ती लागू झाली. ट्रॅक्टर, ठिबक व तुषार सिंचनाचे साहित्य, जैविक कीटकनाशके आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ टक्क्यांवर आले. रासायनिक कीटकनाशके मात्र १८ टक्क्यांवरच राहिली. म्हणजे एकाच मांडणीवरील दोन बाटल्यांपैकी एकीचा दर बदलला, दुसरीचा नाही.

एकोणीस दिवसांत दर बदलणे हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अवघड काम नव्हे. खरे प्रश्न त्यापुढचे होते. जुन्या दराने घेतलेला माल नव्या दराने कसा विकायचा, २२ तारखेनंतर परत आलेल्या मालाचे बिल कोणत्या दराने करायचे, दुकानदाराने स्वतः नोंदविलेल्या वस्तूंचे दर कोण तपासणार? अशा वेळी दुकानदार कंपनीच्या मदत केंद्राला नव्हे, तर ज्याने सॉफ्टवेअर बसवून दिले त्याला फोन करतो. त्या माणसाला कंपनीने आधी शिकविले असेल, तर बाजार सुरळीत चालतो. त्यालाच बदल अपडेट आल्यावर कळत असेल, तर चुकीचे बिल शेतकऱ्याच्या हाती जाते आणि जादा कर त्याच्या खिशातून.

विक्रेताच नसतो तेव्हा

विक्री विभाग नसला, की काय होते, याचा अनुभव खत दुकानदारांनी घेतला आहे. खतावरील अनुदान कंपन्यांना प्रत्यक्ष विक्रीनंतरच देण्याची व्यवस्था मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. त्यासाठी दुकानात पॉस यंत्र आणि शेतकऱ्याची आधार ओळख आवश्यक ठरली. या यंत्रातील सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे सरकारी. ते घ्यावे की नाही, हा पर्याय दुकानदाराला नव्हता. त्यामुळे नकाराने इशारा देण्याची वाटही नव्हती. पेरणीच्या तोंडावर रांग लागलेली असताना एका लहान यंत्रावर अंगठा उमटण्याची वाट पाहावी लागे. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आणली. तीत अनेक भाषांची सोय होती आणि लॅपटॉप किंवा संगणकावर चालणारा पर्यायही देण्यात आला. यंत्रे पुरविणारे मोजके असणे आणि हंगामातील गर्दी ही कारणे सरकारनेच त्या वेळी नमूद केली. जून महिन्यात दुकानात गर्दी होते, ही गोष्ट कोणताही खत विक्रेता पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. ती आराखड्यात उतरायला एकाहून अधिक खरीप जावे लागले.

ब्रिटनमधील टपाल खात्याच्या होरायझन प्रकरणाने याची भीषण बाजू जगासमोर आणली. हिशेब चुकीचा दाखविला जात आहे, असे गावोगावचे उपडाकपाल सांगत राहिले. वरिष्ठांनी विश्वास ठेवला तो संगणकावर. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांच्या शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला २०२४ मध्ये विशेष कायदा करावा लागला. काउंटरवरून येणारा आवाज वर पोहोचला नाही, तर त्याचे पर्यवसान कोठे होऊ शकते, याचा हा धडा आहे.

मार्ग कोणता?

यावर उपाय फार गूढ नाहीत. प्रॉडक्ट मॅनेजरने वर्षातून किमान दोनदा, एकदा जूनच्या गर्दीत आणि एकदा मार्चच्या वसुलीत, विक्रेत्याबरोबर दुकानात बसावे. त्या वेळी डेमो देऊ नये, फक्त पाहावे. विक्री न झाल्याचे कारण ग्राहकाच्याच शब्दांत, मराठीत लिहून घ्यावे. 'किंमत जास्त' हा एक शब्द पुरेसा मानू नये. जे तयार नाही, त्याची तारीख विक्रेत्याने ग्राहकाला देऊ नये आणि त्या बदल्यात घडविणाऱ्यांनी प्रत्येक मागणीला ठरावीक मुदतीत 'होय', 'नाही' किंवा 'पुढे पाहू' असे कारणासह उत्तर द्यावे. नाही म्हटल्याचे विक्रेत्याला वाईट वाटत नाही. काहीच न कळल्याचे वाटते.

सर्वांत परिणामकारक उपाय कमिशनच्या रचनेत आहे. विक्रेत्याच्या कमिशनचा एक भाग दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाशी जोडला, तर 'होऊन जाईल' हे आश्वासन आपोआप जपून दिले जाईल. त्याचप्रमाणे प्रॉडक्ट मॅनेजरच्या मूल्यमापनात नव्या सुविधांची संख्या न मोजता, सोडून गेलेल्या ग्राहकांची कारणे त्याला ठाऊक आहेत का, हे पाहिले पाहिजे. स्थानिक डीलरला या चर्चेत जागा देणे, हे त्याहून आवश्यक.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर उत्पादन धोरणात १०,००० नवउद्योगांना बळ देण्याचे आणि त्यांतील १,००० लहान शहरांतून उभे करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. झोहोसारख्या कंपनीने तमिळनाडूतील तेनकासी परिसरात कार्यालय थाटून उत्पादन खेड्यातूनही घडू शकते, हे दाखविले. मराठवाड्यात अभियांत्रिकी शिकलेले तरुण आहेत, हळदीचा आणि सोयाबीनचा हिशेब ठाऊक असलेली घरे आहेत. आज त्यांच्यापैकी जे या धंद्यात येतात, ते बहुतांशी विकणारे म्हणून येतात. त्यांना विचारणारे कोणी नसेल, तर ते फक्त टार्गेट गाठतील किंवा धंदा सोडतील. विचारले गेले, तर नव्वद दिवसांचा तो तक्ता बदलण्यास वेळ लागणार नाही. आणि हळदीचे पैसे एप्रिलमध्ये देणारा शेतकरी सॉफ्टवेअरच्या लेखी थकबाकीदार राहणार नाही.